तारखेपासून मागं मोजा

(बचत गटांसाठीच्या सामुदायिक रेडिओ कार्यक्रमातील भाषण)

वावरातून नुकत्याच घरी आलेल्या, चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत मोबाइल मधोमध ठेवून ऐकणाऱ्या, सगळ्यांना नमस्कार.

आजचा विषय आहे गटाच्या कामाचं नियोजन. माल किती आणायचा, कधी आणायचा, आणि कोणतं काम कोणत्या दिवशी उरकायचं. नियोजन म्हटलं की वाटतं, हे एमआयडीसीतल्या कारखान्याचं, तिथल्या शिकलेल्या साहेबाचं काम. आपल्याला त्यातलं काय कळतं? पण मी तुम्हाला एक विचारते. घरात लग्न निघालं की तुम्ही काय करता?

मुहूर्ताची तारीख ठरते आणि आपण तिथून मागं मोजायला लागतो. आदल्या दिवशी हळद. त्याच्या आधी चार दिवस पाहुणे यायला सुरुवात होणार, म्हणजे दळणं त्याच्याही आधी झाली पाहिजेत. पत्रिका वाटायला पंधरा दिवस लागणार, म्हणजे छापायला त्याच्या आधी टाकायच्या. ब्लाऊज शिवणारीला वेळ लागतो, म्हणून बस्ता त्याच्याही आधी. पापड-कुरडया घरात किती आहेत ते पाहून उरलेल्याच करायच्या. हे सगळं कागदावर न लिहिता, दहा बाया मिळून, आपण पार पाडतो. मुहूर्त चुकत नाही.

कारखान्यातलं नियोजन म्हणजे हेच. शेवटच्या तारखेपासून मागं मोजायचं, आणि लागेल त्यातून आहे ते वजा करून उरेल तेवढंच आणायचं. लग्नात आपल्याला जमतं, मग गटाच्या ऑर्डरीत का फसतं? कारण लग्नाची तारीख आपण ठरवतो, चार ठिकाणी विचारून ठरवतो. ऑर्डरीची तारीख दुकानदार फोनवर सांगतो, आणि आपण लगेच "हो भाऊ, देऊ" म्हणून मोकळ्या होतो. मोजणं नंतर सुरू होतं. तोपर्यंत दिवस गेलेले असतात.

मग काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. डाळ आली तर पापडखार नाही. पापड झाले तर पाकिटं छापून आली नाहीत. चक्कीवर गेलं तर लाइन नाही. आणि शेवटच्या तीन रात्री बाया जागतात. कारखान्यात नियोजन चुकलं तर मशीन बंद पडून राहतं आणि मालकाचं नुकसान होतं. गटात नियोजन चुकलं तर ते बाईच्या झोपेवर येतं. दिवसभर वावरात काम, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रात्री दोन वाजेपर्यंत पापड. त्यात एखादीचा ताप वाढतो, एखादीच्या घरी भांडण होतं, आणि पुढच्या ऑर्डरीला ती म्हणते, "मला नका धरू." अशानं गट मोडतात. म्हणून मी नियोजनाकडे नफ्यातोट्याच्या आधी बाईच्या जिवाचा प्रश्न म्हणून पाहते.

आता आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. अकोला म्हटलं की डाळ मिल आठवते. आपल्याकडे तूर निघते डिसेंबर-जानेवारीत. दोन-तीन महिने बाजार समितीत तुरीची आवक जोरात असते, मग ओसरते. पण लोकांच्या ताटात वरण बाराही महिने असतं. म्हणजे मिलवाल्याला ठरवावं लागतं: हंगामात किती तूर भरून ठेवायची, पैसे किती अडकवायचे, आणि उरलेली पुढं कुठून आणायची. मराठवाडा आणि कर्नाटकातून तूर येते, म्यानमार आणि आफ्रिकेतल्या मोझांबिक, टांझानियातून सुद्धा येते. जहाजानं येणारा माल आज सांगितला तर उद्या येत नाही. त्यामुळं मिलवाल्याच्या डोक्यात तीन प्रश्न कायम असतात: किती लागेल? हातात किती आहे? सांगितलेलं कधी येईल?

आणि डाळ काही तूर टाकली की लगेच पडत नाही. आधी चाळून साफ करायची, लहान-मोठे दाणे वेगळे करायचे, सालीला चरे पाडायचे, तेल-पाणी लावून मुरत ठेवायची, वाळवायची, मग साल काढून भरडायची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं गावपातळीसाठी जी मिनी डाळ मिल तयार केली, ती चालवणाऱ्या गटांना हे चांगलं माहीत आहे. मशीनवरचं काम तासांचं आहे, पण मुरवणं-वाळवणं दिवसांचं आहे. "मशीन आहे ना, देऊ परवा" असं म्हणणारा गट आभाळ आलं की अडकतो. वेळ मोजताना मशीनचे तास मोजू नका, तूर आत आल्यापासून डाळ बाहेर जाईपर्यंतचे सगळे दिवस मोजा.

आता थोडं दूरचं सांगते. अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आणि मोठी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांपुढं एक पेच होता. एका ट्रॅक्टरला शेकडो सुटे भाग. प्रत्येक भाग किती मागवायचा हे अंदाजानं ठरायचं. त्यामुळं कोठारात एका भागाचा ढीग असायचा आणि दुसऱ्या एका भागासाठी अख्खा ट्रॅक्टर अडून बसायचा. जोसेफ ऑर्लिकी नावाच्या माणसानं १९६० च्या दशकात यावर पद्धत बसवली आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. ट्रॅक्टर किती विकले जातील याचा अंदाज करावा लागेल, पण चाकांचा अंदाज कशाला? ट्रॅक्टर किती ते ठरलं की चाकं मोजूनच सांगता येतात.

आपल्या भाषेत, पापडाची किती पाकिटं खपतील याचा अंदाज करा. पण पापडखाराचा अंदाज करू नका. पाकिटं ठरली की पापडखाराचा आकडा हिशेबानं निघतो.

चला, तो हिशेब काढू. ज्यांच्याजवळ वही आहे त्यांनी लिहून घ्या. यातले आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गटाची कृती, तुमचे भाव तुम्ही भरायचे.

समजा, अकोल्याच्या एका दुकानदारानं सांगितलं की, ३० एप्रिलला मला उडदाच्या पापडाची ५०० पाकिटं पाहिजेत, प्रत्येक पाकीट २०० ग्रॅमचं. म्हणजे १०० किलो पापड. एक किलो पिठाचे साधारण एक किलो वाळलेले पापड होतात असं धरू. पण काही तुटतात, काही वाकडे होतात. त्यासाठी ५ किलो जास्त. म्हणजे पीठ लागेल १०५ किलो. निवडताना आणि दळताना थोडी घट येते, म्हणून डाळ लागेल १०८ किलो. आता कोठीत जाऊन वजन करा. समजा २८ किलो डाळ आहे. १०८ मधून २८ गेले, आणायची ८० किलो.

पापडखार किलोला ४० ग्रॅम धरला तर १०५ किलोला ४ किलो २०० ग्रॅम. डब्यात आहे दीड किलो. आणायचा २ किलो ७०० ग्रॅम. मिरे, मीठ, हिंग, तेल यांचा हिशेब असाच.

छापील पाकिटं ५०० लागणार, फाटणारी १५ धरली तर ५१५. घरात १२०. कमी पडतात ३९५. पण छापणारा म्हणतो, हजाराच्या खाली छापत नाही. म्हणजे हजार घ्यावीच लागतील, आणि सहाशेच्या वर उरतील. उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून त्यावर किंमत आणि तारीख आधी छापू नका. ती जागा कोरी ठेवा आणि पॅकिंगच्या दिवशी शिक्का मारा. मग तीच पाकिटं पुढच्या ऑर्डरीला चालतात.

एवढं झालं की दुसरा प्रश्न येतो, दिवस किती लागतील? इथं बहुतेक गट एक गोष्ट विसरतात. समजा गटात लाटणाऱ्या दहा जणी आहेत. घरचं काम सांभाळून प्रत्येक जण दिवसाला दोन किलोचे पापड लाटते. दहा दुणे वीस किलो. १०५ किलोला सहा दिवस पुरेत, असं आपण म्हणतो. पण उडदाचं पीठ भिजवून ते तेलाच्या हातानं कुटावं लागतं, आणि तेही चांगलं तास-तास. ते काम सगळ्यांना झेपत नाही. समजा कुटणाऱ्या दोघीच आहेत आणि दोघींकडून मिळून दिवसाला १५ किलोच कुटून होतं. मग लाटणाऱ्या दहा असोत की पंधरा, पापड दिवसाला १५ किलोचेच होणार. १०५ भागिले १५, सात दिवस.

विहिरीला पाणी कितीही असलं तरी वावरात तेवढंच येतं जेवढं पाइपातून निघतं. प्रत्येक कामात असा एक अरुंद पाइप असतो. आधी तो शोधा. लाटायला आणखी दोन बाया बोलावून इथं एकही पापड वाढणार नाही. कुटायला तिसरी बाई तयार केली, किंवा पीठ मळायचं मशीन घेतलं, तर वाढेल. कर्ज काढून मशीन घ्यायचं असेल तर आधी हे पाहा की तुमचं काम नेमकं कुठं तुंबतं. तिथलं मशीन घेतलं तरच त्या कर्जाचे पैसे सुटतील.

आणि हा पाइप ऋतूप्रमाणं जागा बदलतो, बरं का. लिज्जत पापडाचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावातल्या एका चाळीत सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मार्च म्हणजे कडक ऊन, काम वाढत गेलं. मग पावसाळा आला. पापड वाळेचनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम बारमाही झालं. पाहा, त्यांची अडचण लाटण्यात नव्हती, वाळवण्यात होती. तिथंच त्यांनी पैसा घातला. पुढं काम वाढलं तशी पद्धत बसली. पीठ शाखेत एकाच ठिकाणी भिजवून तयार व्हायचं, बहिणी ते घरी नेऊन लाटायच्या आणि दुसऱ्या दिवशी वजन करून पापड परत द्यायच्या. किती पीठ गेलं आणि किती पापड आले याचा रोजच्या रोज ताळा. त्या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आता परत आपल्या ऑर्डरीकडे येऊ आणि ३० एप्रिलपासून मागं मोजू. ३० ला माल दुकानात पाहिजे, म्हणजे २९ ला गावातून निघाला पाहिजे. पॅकिंगला दोन दिवस, २७ आणि २८. त्याच्या आधी एक दिवस पापड निवडायला आणि तपासायला, २६. लाटायला सात दिवस. त्यात मी दोन दिवस राखीव टाकते, कारण एप्रिल म्हणजे लग्नसराई, आणि अवकाळी पावसाचा भरवसा नाही. म्हणून १७ ते २५. दळणाला दोन दिवस, १५ आणि १६, कारण थ्री-फेज लाइन कधी येईल तेव्हाच मोठी चक्की चालणार. डाळ निवडायला आणि ऊन द्यायला १३ आणि १४. दुकानातून डाळ यायला तीन दिवस, म्हणजे सांगायची १० तारखेला. पाकिटं छापायला आठ दिवस आणि वर दोन दिवस राखीव, म्हणजे ती १७ च्या आत छापायला टाकायची.

म्हणजे ३० एप्रिलच्या ऑर्डरीचं काम १० एप्रिलला सुरू होतं. हा वीस दिवसांचा आकडा गटातल्या प्रत्येकीला पाठ पाहिजे. दुकानदाराचा फोन १० तारखेच्या आधी आला तर "हो" म्हणा. १८ तारखेला आला तर? तर गप्प बसू नका आणि नुसतं "नाही" सुद्धा म्हणू नका. वही पाहा. घरात २८ किलो डाळ आहे, १२० पाकिटं आहेत. मग सांगा, "भाऊ, १२० पाकिटं ३० तारखेला देतो. बाकीची ३८० पाकिटं ८ मेला मिळतील. चालत असेल तर इसार पाठवा." आठ दिवस उशिरा फोन आला, तर तारीख आठ दिवस पुढं जाणार, हे सरळ आहे. बहुतेक दुकानदार हे ऐकतात, कारण त्यालाही ठरलेल्या दिवशी माल देणारे लोक पाहिजे असतात. आज "हो" म्हणून ३० ला हात हलवत जाणाऱ्या गटाला तो पुन्हा फोन करत नाही.

आता हातांचा हिशेब. कारखान्याला मशीन असतं, आपलं मशीन म्हणजे आपले हात. आणि वऱ्हाडातल्या बाईच्या हातांना शेतीचं कॅलेंडर आहे. जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, तिला लागूनच कापूस वेचणी, ती पार संक्रांतीपर्यंत आणि पुढंही चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा. हात खऱ्या अर्थानं मोकळे होतात ते मार्चच्या शेवटापासून मे संपेपर्यंत. म्हणून तर आपल्या आजींनी वाळवणाची कामं उन्हाळ्यात घातली. ऊन असतं आणि हातही रिकामे असतात.

पण बाजाराची मोठी मागणी कधी असते? दिवाळीला. म्हणजे नेमकी सोंगणी आणि वेचणीच्या वेळी. चकली-चिवड्याची ऑर्डर मोठी दिसते, भाव चांगला दिसतो, आणि गट हो म्हणतो. मग बाई दिवसा कापूस वेचते, रोजी बुडवू शकत नाही, आणि रात्री कढईपाशी बसते. म्हणून दिवाळीचं काम आधीच हलकं करून ठेवायचं. चकलीची भाजणी ताजी लागते, ती आठवडाभर आधी. पण पाकिटं छापणं, तेलाचा आणि डाळीचा भाव ठरवणं, कोणत्या दिवशी कोण येणार याची यादी, ही कामं महालक्ष्म्यांच्या सुमारासच होऊ शकतात. आणि ऑर्डर घेताना गटात दहा बाया आहेत असं धरू नका. त्या आठवड्यात कोण वावरात जाणार, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाच्या पोराची परीक्षा आहे, हे विचारा. दहातल्या सहा येणार असतील तर सहाचाच हिशेब करा.

आता पैसा. आपल्या उदाहरणात डाळ किलोला १०० रुपये धरली तर ८० किलोचे ८,००० रुपये. पाकिटं ३ रुपयांप्रमाणं हजाराचे ३,०००. पापडखार, मिरे, दळण मिळून १,००० धरू. एकूण १२,००० रुपये. हे पैसे गटातून १० एप्रिलपासून बाहेर पडायला लागले. दुकानदार माल घेतल्यावर एक महिन्यानं पैसे देतो. म्हणजे ३० मेला. पैसे पन्नास दिवस अडकले. महिना दोन टक्के व्याज धरलं तर १२,००० चे महिन्याला २४० आणि पन्नास दिवसांचे ४०० रुपये. हे ४०० पापडाच्या भावात धरले होते का? आणि दुकानदारानं जून उजाडवला तर काय? जूनमध्ये घरी बियाण्याला पैसे लागतात. लाटण्याची मजुरी मिळेल म्हणून बाई वाट पाहत असते. तेव्हा वेळापत्रकात मालाच्या तारखांशेजारी पैशाच्या तारखाही लिहा: या दिवशी इतके जाणार, या दिवशी इतके येणार. ज्या महिन्यात जाणारे जास्त आणि येणारे कमी, त्या महिन्यात आणखी मोठी ऑर्डर घ्यायची नाही, किंवा इसार घेऊनच घ्यायची.

काही जणी म्हणतील, मग हंगामात स्वस्त मिळते तेव्हा सगळी डाळ भरूनच ठेवू. हा मोह असतो. स्वस्तात घेतलेल्या कट्ट्यात भुंगा लागला, किंवा छत गळून खालचं पोतं भिजलं, तर ती सगळ्यात महाग डाळ ठरते. शिवाय पैसे अडकतात. ज्या ऑर्डरी पक्क्या आहेत त्यांच्यापुरतं आणि वर थोडं, एवढंच घ्या. आलेल्या कट्ट्यावर तारीख लिहा, नवा कट्टा मागं ठेवा आणि जुना पुढं. जुनं आधी वापरायचं. हे आपण घरी लोणच्याच्या बरणीला करतोच.

मीठ, हिंग, पापडखार अशा लहान-सहान गोष्टींसाठी एवढा हिशेब मांडत बसायची गरज नाही. त्यासाठी दोन डब्यांची पद्धत ठेवा. प्रत्येक वस्तूचे दोन डबे भरायचे. पहिला संपला की त्याच दिवशी आणायला सांगायचं, आणि तोपर्यंत दुसरा वापरायचा. दुसऱ्या डब्यात तेवढे दिवस पुरेल इतकं पाहिजे, एवढंच लक्षात ठेवा. जपानमधल्या टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताइची ओहनो नावाच्या इंजिनिअरनं अशाच विचारावर सगळा कारखाना चालवला. तिथं डब्याऐवजी कार्ड असायचं. भाग संपत आले की कार्ड मागं जायचं आणि तेवढेच भाग पुढं यायचे. उगाच ढीग नाही आणि तुटवडाही नाही.

आणखी एक, कामाचा क्रम. एकाच मशीनवर मसाले दळत असाल तर आधी हळद, मग धने आणि सगळ्यात शेवटी तिखट. उलटं केलं तर धन्याला तिखटाचा वास आणि रंग येतो, आणि मध्ये मशीन धुवायला अर्धा दिवस जातो. साधे पापड आधी, लसणाचे नंतर. डाळ मिलवर तूर आणि हरभरा यांची अदलाबदल करत बसू नका. एका जातीचा माल सलग घ्या. गावातल्या बायांना वार ठरवून द्या: या वारी तूर आणा, या वारी हरभरा. त्यांचाही हेलपाटा वाचतो.

हे सगळं टिकतं ते मोजण्यावर. वहीत लिहिलं २८ किलो आणि कोठीत निघाली २० किलो, तर पुढचा सगळा हिशेब चुकला. मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटर असला तरी तिथंही हेच होतं. आकडा खोटा असेल तर उत्तरही खोटंच येणार. म्हणून महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजता तसं कोठीतलं सामानही मोजा. दर महिन्याला दोघींची पाळी लावा, एक वजन करेल, एक लिहील. फरक आला तर लगेच कोणावर संशय घेऊ नका. वाळून वजन घटतं, सांडतं, लिहायचं राहून जातं. कारण शोधा आणि आकडा दुरुस्त करा. जिला लिहिता येत नाही तिनं वजन करावं. जिला दोन्ही येतं तिनं एकटीनं दोन्ही करू नये.

मैत्रिणींनो, यासाठी नवीन काहीच विकत घ्यायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, त्यावर पुढच्या ऑर्डरीची तारीख लाल पेनानं गोल करा आणि तिथून मागं मोजत या. प्रत्येक कामाच्या चौकोनात ते काम आणि ते करणाऱ्या बाईचं नाव लिहा. या महिन्याच्या बैठकीत एवढं एकच करा: तुमच्या गटाचा वीस दिवसांचा आकडा काढा. कोणाचा पंधरा येईल, कोणाचा पंचवीस. तो निघाला की पुढच्या फोनला काय उत्तर द्यायचं हे तुम्हाला त्याच वेळी माहीत असेल, आणि शेवटच्या रात्री तुमच्या गटातली बाई वेळेवर झोपलेली असेल.

नमस्कार.

वहीत उतरवून घेण्यासाठी: ३० एप्रिलच्या ऑर्डरीचं वेळापत्रक
(५०० पाकिटं, नमुन्याचे आकडे)

१० एप्रिल: ८० किलो डाळ सांगणे, पापडखार, मिरे वगैरे यादी देणे
१३-१४ एप्रिल: डाळ निवडणे, ऊन देणे
१५-१६ एप्रिल: दळण
१७ एप्रिल: पाकिटं छापायला टाकण्याचा शेवटचा दिवस
१७ ते २५ एप्रिल: कुटणे, लाटणे, वाळवणे (७ दिवस काम, २ दिवस राखीव)
२६ एप्रिल: पापड निवडणे, तपासणे
२७-२८ एप्रिल: पॅकिंग, तारखेचा शिक्का
२९ एप्रिल: माल रवाना
३० एप्रिल: माल दुकानात
३० मे: पैसे येण्याची तारीख